आडवं बेट

क्रीट हे ग्रीसचं सगळ्यात मोठं बेट, आणि ते समुद्रात आडवं पसरलंय. पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर. उत्तर-दक्षिण मात्र जास्तीत जास्त ६०, आणि इरापेत्राजवळ तर जेमतेम १२. आकडे वाचले की वाटतं, हात्तिच्या! सकाळी उत्तर किनाऱ्यावर नाश्ता, दुपारी दक्षिण किनाऱ्यावर डुंबायचं, संध्याकाळी परत.

माझ्या नवऱ्यालाही तसंच वाटलं. त्याने निघायच्या कितीतरी आधी एक्सेलमध्ये रकाने पाडले: निघण्याची वेळ, किलोमीटर, ठिकाण, जेवण. प्रत्येक दिवसाला चार-चार ठिकाणं. माझ्याकडे पेन्सिल होती. सहलीच्या आखणीत शीट भरणाऱ्यापेक्षा पेन्सिलवाल्याचं काम मोठं, असं माझं प्रामाणिक मत आहे. नावं कुणीही लिहील, खोडायला छाती लागते.

क्रीटमध्ये खोडावंच लागतं, कारण मध्ये डोंगर आहेत. पश्चिमेला लेफ्का ओरी, मध्ये प्सिलोरितिस, पूर्वेला दिक्ती. त्यातल्या पहिल्या दोन रांगांची माथी २,४०० मीटरच्या वर जातात आणि वसंतातही त्यांवर बर्फ असतो. खानिया, रेथिम्नो, हेराक्लिओन, आयिओस निकोलाओस ही मोठी गावं सगळी उत्तरेला, एकाच हमरस्त्यावर ओवलेली. दक्षिणेच्या गावांना जोडणारा असा सलग किनारी रस्ता नाही. लुत्रो नावाच्या गावाला तर रस्ताच नाही. बोटीने जा नाहीतर चालत. होरा स्फाकिओनहून पश्चिमेच्या सूग्याला गाडीने जायचं तर आधी डोंगर ओलांडून उत्तरेला यायचं, खानियापर्यंत जायचं आणि पुन्हा डोंगर उतरायचा. ज्याने कोकणात धोपाव्याच्या धक्क्यावर उभं राहून खाडीपलीकडचं दाभोळ पाहिलंय आणि गाड्या पलीकडे नेणारी जंगलजेटी बंद असल्यावर पडणारा वळसा सोसलाय, त्याला हे वेगळं समजवायला नको.

म्हणून पहिली गोष्ट ठरली ती मुक्कामाची. एकाच हॉटेलात राहून रोज बेटाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं म्हणजे सुट्टी हमरस्त्यावर घालवायची. आम्ही मुक्काम विभागला, आधी हेराक्लिओन आणि मग खानिया. दुसरी गोष्ट, दिवसाला एकच मोठं ठिकाण. वाटेत जे भेटेल ते वरकड.

हेराक्लिओनहून दक्षिणेला जाणारा दिवस मला सगळ्यात आवडला. क्नोसोस हे मिनोअन लोकांच्या, म्हणजे क्रीटच्या प्राचीन संस्कृतीच्या, राजवाड्याचं ठिकाण आदल्या दिवशी सकाळी, दार उघडताच, बसगाड्या यायच्या आत बघून घेतलेलं होतं. आर्थर इव्हान्सने १९०० साली तिथे उत्खनन सुरू केलं आणि पुढे काँक्रीट ओतून राजवाड्याचे काही भाग पुन्हा उभे केले. ते लाल खांब फोटोत झकास येतात, पण बघताना सारखं वाटत राहतं की यातलं किती मिनोअन आणि किती इव्हान्सचं? फेस्टोस या दक्षिणेकडच्या मिनोअन राजवाड्यात ही शंका येत नाही. टेकडीवर नुसते पाये, पायऱ्या आणि अंगण, खाली मेसाराचं सपाट मैदान, ऑलिव्हच्या रांगा. दोन्ही बघणार असाल तर क्नोसोस आधी बघा. उलट केलंत तर क्नोसोसवर उगाच अन्याय होईल.

फेस्टोसच्या अलीकडे गोर्टिना लागतं. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत, आणि आमच्या शीटमध्येही त्याला अर्धाच तास होता. विटांच्या कमानींमागे एक दगडी भिंत आहे आणि तिच्यावर इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला कायदा कोरलाय. एक ओळ उजवीकडून डावीकडे, पुढची डावीकडून उजवीकडे, आणि वळणाबरोबर अक्षरंही उलटी होतात. अक्षरं बोटाच्या पेराएवढी, इतकी सुबक की परवाच कोरल्यासारखी. त्यात वारसाहक्क आहे, दत्तकविधान आहे आणि घटस्फोटही आहे: बायको निघाली तर माहेरून आणलेलं सगळं तिचं, शिवाय तिने विणलेल्या कापडातलं अर्धं. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, "तू कुठे काय विणतेस?" अर्ध्या तासाचा तास झाला आणि शेवटी मातालाला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. तिथल्या कड्यातल्या गुहा म्हणजे रोमन काळातली थडगी. १९६०च्या दशकात त्यांत हिप्पी राहायचे. आम्ही पाण्यात पाय बुडवून परत फिरलो.

गाडीबद्दल थोडं. आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच आरटीओतून काढून घ्यायचा. तिथे स्टिअरिंग डावीकडे, रस्त्याची बाजू उजवी, त्यामुळे वळायच्या वेळी इंडिकेटरऐवजी वायपर फिरतो. त्याचं काही वाटून घेऊ नये. हमरस्ता बऱ्याच ठिकाणी दोनच लेनचा आहे, पण कडेला रुंद पट्टा असतो. हळू चालणाऱ्याने अर्धी गाडी त्या पट्ट्यावर घालून मागच्याला वाट द्यायची, ही तिथली रीत. डोंगरात शिरलं की वळणावर शेळ्या, आणि गावांच्या पाट्यांना बंदुकीच्या गोळ्यांची भोकं.

आणि ती देवळं. कठड्याशी खांबावर बसवलेली पत्र्याची छोटीशी पेटी, वर क्रॉस, पुढे काचेचं दार. एका ठिकाणी मी उतरून आत डोकावले. संताची तसबीर, तेलाचा दिवा, पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं जास्तीचं तेल, काडेपेटी आणि एका तरुणाचा फोटो. अशा पेट्या अपघातात गेलेल्यांसाठी असतात. काही वाचलेल्यांनीही बांधलेल्या. त्यानंतर वळण आलं की नवरा न सांगता गिअर उतरवायला लागला.

पश्चिमेला बालोसच्या किनाऱ्याचा प्रश्न होता. कलिवियानीच्या पुढे रस्ता कच्चा आहे, दगडगोट्यांचा, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात असा रस्ता, टायर आणि गाडीचा तळ बहुधा धरत नाहीत. कागदावरची बारीक अक्षरं मी वाचली, नवऱ्याने फोटो बघितले. जिंकली बारीक अक्षरं: किस्सामोसहून बोट जाते, तिने गेलो. एलाफोनिसीला मात्र गाडीनेच जा. रस्त्यात तोपोल्याची घळ आहे, तिथल्या बोगद्यातून एका वेळी एकच गाडी जाते म्हणून सिग्नल आहे. गुलाबी वाळूबद्दल फार आशा ठेवू नका. ती आहे, पण पाण्याच्या कडेला, पट्ट्यापट्ट्यांत. किनारा त्याशिवायही सुंदर आहे आणि गर्दी त्याहून मोठी.

समारियाच्या घळीचा दिवस आला तेव्हा शीटच कोलमडली. ओमालोसच्या पठारावरून चालायला सुरुवात करायची, सोळा किलोमीटर उतरत समुद्राशी आग्या रूमेलीला पोचायचं. त्या गावालाही रस्ता नाही. तिथून बोट पकडून सूग्याला नाहीतर होरा स्फाकिओनला, आणि पुढे बस. गाडी वर ठेवली तर ती वरच राहणार, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ती आणायला पुन्हा डोंगर चढायचा. गाडी खानियाला सोडा आणि पहाटेची बस धरा, हे मी सांगत होते. किलोमीटरच्या रकान्यात शून्य लिहायला नवऱ्याला दोन दिवस लागले. बोटीवर मात्र तोच सगळ्यात निवांत झोपला.

पूर्व टोकाचं वाईचं खजुरांचं बन आणि झाक्रोसचा राजवाडा मी पेन्सिलीने खोडला होता. घरी आल्यावर कळलं, त्याने तो नुसता वेगळ्या शीटवर हलवलाय. वरती लिहिलंय, "पुढच्या वेळी, मुक्काम सितिया".