तुम्ही विचारलंत म्हणून: फिल्मवर पांढरं दिसलं, म्हणजे न्यूमोनिया वाढला का?

लहान मुलांचे छातीचे एक्स-रे वाचणं हे माझं रोजचं काम. त्यातले बरेच आयसीयूतून येतात. आरएसव्ही, फ्लू, अ‍ॅडिनोव्हायरस असा एखादा संसर्ग होऊन बाळाला इतका दम लागलेला असतो की व्हेंटिलेटर लावावा लागतो. आईवडील मोबाइलवर फिल्मचा फोटो दाखवतात आणि विचारतात, "काल हे इथं नव्हतं. आज पांढरं झालंय. न्यूमोनिया वाढला का?"

नुसत्या पांढऱ्यावरून तसं म्हणता येत नाही, असं मी सांगते. हे उत्तर टाळाटाळीचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक्स-रेवर हवा काळी दिसते. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा उरली नाही, तो पांढरा. तिथे पू-पाणी भरलं असेल, नाहीतर वाट बुजून तो भाग नुसता मिटला असेल. विषाणूने आजारी पडलेल्या तान्ह्या बाळात हे मिटणं फार सहज घडतं. बारीक श्वासनलिकांचं अस्तर सुजतं, मेलेल्या पेशी आणि चिकट कफ आत साचतो. मोठ्या माणसात एखादी नलिका बुजली तरी शेजारच्या वायुकोशांतून हवा आडवाटेने पोचते. बाळात या आडवाटा अजून पुरत्या तयार झालेल्या नसतात. म्हणून एकीकडे अडकलेल्या हवेने फुप्फुस फुगतं, श्वासपटल सपाट होतं आणि दुसरीकडे एखादा तुकडा मिटतो. एकाच फिल्मवर दोन्ही दिसणं हे या आजारात नेहमीचंच.

मिटलेला भाग ओळखायचा कसा? उजव्या फुप्फुसाचा वरचा कप्पा घ्या, कारण व्हेंटिलेटरवरच्या बाळात तो वारंवार मिटतो. कप्प्याखालची बारीक रेघ वर ओढली गेलेली असते, मुख्य श्वासनलिका त्या बाजूला कललेली असते. जागा आक्रसलेली असते. न्यूमोनियात जागा भरते, सहसा आक्रसत नाही. अशी फिल्म आली की मी आधी व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत घातलेल्या नळीचं टोक शोधते. तान्ह्या बाळाची श्वासनलिका जेमतेम 4-5 सेंटिमीटर लांब. हनुवटी छातीकडे झुकली की नळी खाली सरकते, मान मागे गेली की वर येते. खाली सरकून ती उजव्या शाखेत शिरली, तर डावं फुप्फुस मिटतं, कधी उजवा वरचा कप्पाही. नळी थोडी मागे घेतली की तोच भाग पुन्हा उघडतो. कफाचा गोळा अडकला असेल तर सक्शन आणि फिजिओनंतर कधीकधी काही तासांतच फिल्म साफ होते. न्यूमोनियाचा पॅच, म्हणजे पांढरा डाग, इतक्या लवकर जात नाही.

याबद्दल मी आग्रही आहे, कारण 'पॅच' हा शब्द कानावर पडला की अँटिबायोटिक सुरू होतं किंवा बदललं जातं. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना ब्राँकिओलायटिसमध्ये, म्हणजे विषाणूमुळे बारीक श्वासनलिकांना येणाऱ्या सुजेत, सरसकट एक्स-रे काढू नका असंच सांगतात. आयसीयूत न्यावं लागेल इतका दम असेल किंवा फुप्फुसातून हवा गळल्याची शंका असेल, तर मात्र काढावा. कोणता विषाणू आहे हे फिल्म सांगत नाही. ते नाकातल्या स्वॅबच्या पीसीआरवरून कळतं. अ‍ॅडिनोव्हायरस तर जिवाणूंच्या न्यूमोनियासारखा दाट पॅचही करतो.

मग मला काळजी कधी वाटते? पांढरेपणा पसरतोय आणि त्याच वेळी ऑक्सिजनची गरजही चढतेय, तेव्हा. एआरडीएसची, म्हणजे फुप्फुसं सुजून रक्तात पुरेसा ऑक्सिजन न पोचण्याच्या गंभीर अवस्थेची, शंका येते ती इथे. मुलांसाठीच्या 2015 च्या निकषांत, आणि 2023 च्या सुधारित निकषांतही, एकाच बाजूला नवा पांढरेपणा असला तरी चालतो, पण ऑक्सिजनचं मोजमाप सोबत लागतंच. फ्लू ओसरत असताना ताप पुन्हा चढला आणि फुप्फुसाभोवती पाणी दिसलं, तर जिवाणूंची भर पडली असण्याची शक्यता मोठी असते. तिथे अँटिबायोटिक हवंच, आणि पाणी किती, कसलं, हे सोनोग्राफीत एक्स-रेपेक्षा नीट दिसतं.

आणखी एक गोष्ट आईवडिलांच्या नजरेतून हमखास सुटते, कारण ती काळी असते. फुप्फुसातून गळलेली हवा उताण्या झोपलेल्या बाळात पुढे आणि तळाशी जमते. तळाचा कोपरा नेहमीपेक्षा खोल आणि जास्त काळा दिसतो, बस इतकंच. व्हेंटिलेटरवर ही हवा झपाट्याने वाढू शकते. असं दिसलं की मी रिपोर्ट टाइप करत बसत नाही, सरळ आयसीयूत फोन लावते.

तेव्हा फोटो दाखवाल त्या वेळी कालच्यापेक्षा ऑक्सिजन जास्त लागतोय की कमी, व्हेंटिलेटरचा दाब वाढवावा लागला का, ताप परत आला का, हेही डॉक्टरांना विचारून ठेवा. मग मला तुमच्या प्रश्नाचं जास्त नेमकं उत्तर देता येईल.