फाइल हाय पण सापडत नाही

आमच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाय, जून-जुलैत पीककर्ज आन् पीकविम्यासाठी नुसती रांग. परवा एक काकाजी आले, म्हणे बाबू, मागं तूच सातबारा काढून देल्ता, तोच दे. नवा काढावं तं नेट गेलेलं. सर्चमधे 'सातबारा' टाकलं, काहीच नाही! फाइलच्या नावात स्लॅश चालत नाही म्हणून मी कधी ७-१२ लिहितो, कधी इंग्रजी आकडे, कधी रोमन अक्षरं. कॉम्प्युटरले हे सगळे वेगळे, काकाजीले कागद एकच.

नावानं शोधायचा वेग आता प्रश्न नाही राहिला, विंडोजवर एव्हरीथिंग नावाचं सॉफ्टवेअर एनटीएफएस (विंडोजची फाइली ठेवायची पद्धत) डिस्कवरची सगळ्या फाइलींची मुख्य यादीच वाचते म्हणून टाइप करता करता नावं समोर येतात. खरी अडचण वापराची. लिनक्सच्या नॉटिलसमधे, म्हंजे फाइली पाहायच्या प्रोग्रॅममधे, आधी एखादं अक्षर दाबलं की त्याच फोल्डरातल्या फाइलवर उडी जायची, ३.६ व्हर्जनमधे, २०१२ साली, ते काढून आतल्या फोल्डरांसकट सर्च सुरू केला आन् लोकं लय चिडले, मले त्यायचं पटते, कारण समोर दिसणाऱ्या फाइलपर्यंत जाणं आन् हरवलेली शोधणं ही दोन वेगळी कामं हायेत.

मले वाटते सर्चनं आधी सांगावं कुठं शोधतो, देवनागरी आन् इंग्रजी आकडा एकच धरावा, आन् रिझल्टसोबत फोल्डर दिसावं.

काकाजीचा सातबारा शेवटी तारखेनं लावल्यावर डाउनलोड्समधे भेटला, वीस मिनिटांनी.