हे वांग आहेत का?

लग्नकार्यात कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन विचारतंच, 'गालावर वांग आलेत का गं?' वर जायफळ उगाळून लावायचा सल्ला. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: वांग नाहीत, ल्युपस आहे. प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, तो आजार.

गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर पसरणारा त्याचा फुलपाखरी चट्टा चित्रांत बहुतेकदा गोऱ्या कातडीवर, लालबुंद दाखवलेला असतो. माझ्यासारख्या सावळ्या रंगावर तो जांभळट, काळपट दिसतो, म्हणून लोकांची गफलत होते. उन्हाने वांगही गडद होतात, पण ते सपाट डाग. हा चट्टा ताजा असताना किंचित उंचावलेला असतो, कधी जळजळतो, आणि नाकाकडून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी सहसा सोडून देतो.

गालाकडे सगळेच बघतात हो. तोंडातल्या टाळूकडे कोण बघतं? ल्युपसचे व्रण बऱ्याचदा टाळूच्या पुढच्या, कडक भागावर होतात आणि अनेकदा दुखतच नाहीत. तोंड आलं की झोंबतं, तिखट खाववत नाही. इथे तसलं काही नाही. माझा व्रण डॉक्टरांनी टॉर्च मारली तेव्हाच मला कळला. नाकाच्या आतही होतात. अर्थात, टाळूवर फोड दिसला म्हणजे ल्युपस झाला असं नाही. संशोधनासाठी रुग्ण ठरवताना 2019 च्या निकषांत किमान 10 गुण लागतात. तोंडातल्या व्रणांना त्यात फक्त 2, ताज्या फुलपाखरी चट्ट्याला 6, आणि त्याआधी रक्तातली एएनए चाचणी (आपल्याच पेशींवर उलटलेली प्रतिपिंडं शोधणारी) पॉझिटिव्ह हवी. नुसती एएनए पॉझिटिव्ह तर धडधाकट माणसांचीही येते.

केस गळतात ते आजार शमला की बहुधा परत येतात. ल्युपसच्या डिस्कॉइड प्रकाराचं तसं नाही. कानाच्या खळग्यात, डोक्यावर खवलेदार चट्टे उठतात, मधे कायमचा वण पडतो, आणि तिथले केस कायमचे जातात. असं काही दिसलं तर केमिस्टकडून स्टेरॉइडचं मलम आणून चोपडत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, त्यासाठी डोळ्यांचा पडदा अधूनमधून तपासावा लागतो. सनस्क्रीन घरातही लावते, कारण खिडकीच्या काचेतून उन्हातले यूव्ही-ए (अतिनील) किरण येतात.

आणि जो प्रश्न तुम्ही तोंडावर विचारत नाही, त्याचंही उत्तर देऊन टाकते: हा लागत नाही कुणाला.