लाल ठेवलात, मग पिचकारीही राहणार

पावसाळा लागला की आमच्या रेलफॅन ग्रुपवर दरवर्षी एकच साथ येते. फोटोत इंजिन रंगीत, बाकी सगळं काळंपांढरं. आता तर फोनमधल्या ॲपवर बोट फिरवलं की काम होतं, त्यामुळे साथ आटोक्यात यायची चिन्हं नाहीत.

परवा एका कॉलेजातल्या पोराने कर्जतचा असाच फोटो टाकला. “दादा, इंजिन कसं उठून दिसतंय बघा!” मूळ फोटो झकासच असणार. डब्ल्यूएपी-४ जातीचं विजेचं इंजिन, तांबडंभडक, मधोमध क्रीम पट्टा. याने लाल सोडून बाकीच्या सगळ्या रंगांचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, शून्यावर नेलेलं. इंजिन लाल राहिलं, पण सोबत फलाटावरच्या आग विझवायच्या बादल्या राहिल्या, हमालाचा सदरा राहिला, आणि खांबाच्या बुडाशी कुणीतरी मारलेली पानाची पिचकारीही. ती तर इंजिनापेक्षा ताजी दिसत होती.

हिरव्याची कथा वेगळीच. मालगाडीचं डब्ल्यूएजी-९ इंजिन हिरवं, आणि जुलैतला बोरघाटही हिरवा. ॲपमधल्या रंगांच्या स्लायडरने वेगळं करायला जा, गवताचा बराचसा भाग सॉफ्टवेअर पिवळ्यात धरतं. म्हणजे पिवळा मारला की अर्धा डोंगर राखाडी, उरलेल्या अर्ध्यावर हिरवे डाग. शेवटी हाताने मास्क, म्हणजे इंजिनाची बाह्यरेषा, काढावा लागतो. टपावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या पेंटोग्राफच्या काड्या, इंजिनावरून आडवी जाणारी तार, पुढचे धक्के झेलणारे बफर, सगळं झूम करून. एवढं करूनही पुढची काच दगा देतेच. काचेत हिरवा डोंगर आणि बाहेर राखाडी डोंगर! हेडलाइट पिवळा ठेवला, पण त्याचा ओल्या रुळावर पडलेला उजेड पांढराच राहिला, तर दिवा नुसता चिकटवल्यासारखा वाटतो. हे बारकावे सांभाळणारे आहेत, त्यांच्या चिकाटीला सलाम. पण माझी तक्रार त्यांच्याबद्दलही आहे.

आपण रेलफॅन रंगावर जगणारी माणसं. जुना फोटो हाती आला की डब्यांवरून काळ ओळखतो: तांबूस-तपकिरी म्हणजे साधारण नव्वदीच्या दशकापर्यंतचा, निळा-फिकट निळा म्हणजे त्यानंतरचा, लाल-करडा म्हणजे एलएचबी, नव्या बनावटीचे डबे. आणि एडिटिंगला बसलो की नेमके डबेच राखाडी करतो.

दख्खनच्या राणीचं बघा. १ जून १९३० रोजी ती सुरू झाली तेव्हा तिचे दोन रेक, म्हणजे डब्यांचे दोन संच, होते. एक रुपेरी, त्यावर लाल नक्षी. दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. हे आपल्याला वाचून माहीत, कारण त्या काळचे फोटो काळेपांढरे. त्या निळ्याची नेमकी छटा बघायला मी काय वाटेल ते देईन. पुढे आपल्यातल्या बहुतेकांनी तिला निळी-पांढरी पाहिली आणि जून २०२२ मध्ये एलएचबी डबे आले तशी ती हिरवी-लाल झाली. आता हिचा फोटो काढून डब्यांचा रंग पुसायचा? कशाला?

कुणी म्हणेल, पूर्वी स्टुडिओवाले काळ्यापांढऱ्या फोटोत साडीचा काठ आणि गाल हाताने रंगवायचेच की. रंगवायचे. पण त्यांच्याकडे रंग नव्हता म्हणून ते घालायचे, आपल्याकडे आहे आणि आपण काढतोय.

एक सूट देतो. बोरघाटात मंकी हिलकडे धुकं उतरतं तेव्हा झाडं, कातळ, रूळ सगळं आपसूक राखाडी होतं आणि त्यातून फक्त हेडलाइट पिवळा पुढे येतो. थोड्या वेळाने बँकर, म्हणजे गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, धडधडत जातात, तीही दिसतात न दिसतात. तिथे घाट स्वतःच एडिटिंग करून देतो, मग धुक्यात उरलेला थोडा हिरवा तुम्ही अजून उतरवलात तर माझी हरकत नाही.

बाकी ज्यांना हौस आहे त्यांनी करा बापडे. फक्त मूळ फाइल डिलीट करू नका. आणि फोटोखाली ‘माय लव्ह’ लिहिण्याऐवजी गाडीचं नाव, इंजिनाचा पाच आकडी नंबर, जागा आणि तारीख टाका. कर्जतवाल्या पोराला हे सगळं लिहून पाठवलं. त्याने अंगठा दाखवला आणि पिचकारी खोडून तोच फोटो पुन्हा टाकला.