बहिणींच्या सह्या

19 जून

जागा ठरली. म्हणजे मनात ठरली, कागदावर यायला अजून अवकाश आहे. लांजा तालुका, आडवली स्टेशनाहून आत, सड्याच्या, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठाराच्या खाली, उताराच्या मध्यावर. गावठाणातलं तीन गुंठ्यांचं घरठाण आणि त्याला लागून बावीस गुंठे वरकस, म्हणजे भाताला न चालणारी हलकी जमीन. घर पडून गेलंय, चिऱ्याचं जोतं मात्र अजून कणखर आहे. मागे एक फणस, चार-पाच काजू, आणि परड्याच्या कडेला दगडांनी बांधून काढलेली विहीर. आम्हाला दोन खोल्या, पुढे पडवी आणि मागे न्हाणी, एवढंच हवंय. जुन्या जोत्याच्या निम्म्यातच ते बसेल.

त्याआधी दलालाने सड्यावरचे ‘फार्महाऊस प्लॉट’ दाखवले. पाच-पाच गुंठ्यांचे, चुन्याने आखलेले, लाल मातीचा नवाकोरा रस्ता. दर खरंच कमी होता, पण सातबारा सगळ्यांचा मिळून एकच. म्हणजे खरेदीनंतर अनोळखी माणसांच्या यादीत एक सहहिस्सेदार म्हणून आपलं नाव लागणार. जागेवर चुन्याची रेघ असली तरी सरकारी नकाशात ती नाही. जिरायतीसाठी 20 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे (2023 च्या अधिसूचनेपासून रत्नागिरीतही तेच), त्याहून लहान तुकडा पाडून तो स्वतंत्र नावावर कसा करणार, असं विचारलं. “होतं सगळं हो ताई,” एवढंच उत्तर मिळालं.

आणि पाणी? जांभ्याचा कातळ पाणी धरून ठेवत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी वैशाखात सड्यावर घोटभर पाणी मिळत नाही. सगळं झिरपून खाली जातं, खालच्या चिकण मातीच्या थराला अडतं आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. जुनी घरं उताराला का आहेत ते इथे उभं राहिलं की कळतं. शंभर वर्षांपूर्वी ज्याने जागा निवडली, त्याने आधी पाणी पाहिलं, मग वारा, आणि गाडी कुठवर येते हा प्रश्नच त्याच्यापुढे नव्हता.

मला मनापासून वाटतं की छोटंसं घर बांधायचं असेल तर आधी घर होतं तिथेच बांधावं. कोकणात पडलेली घरठाणं गावोगाव आहेत आणि सडे जेसीबी लावून कापले जात आहेत. याच भागातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, देवीहसोळ, उक्षी, अशी कोकण-गोव्यातली नऊ ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. तरी सातबाऱ्यावर सड्याचा शेरा पोटखराब, आणि विकणाऱ्याच्या तोंडी ‘नुसतं पडीक’. पावसाळ्यात एकदा तिथली फुलं पाहिलेल्या माणसाला हे ऐकवत नाही.

8 जुलै

सातबारा, आठ अ, जुने फेरफार, सगळं काढलं. तालुक्याच्या वकिलांनी तीस वर्षांचा शोध घ्यायला घेतला आहे. कुळाची नोंद नाही, खाजगी वनाचा शेरा नाही, भोगवटादार वर्ग 1, म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागत नाही अशी. ते हसून म्हणाले, “कोकणात इतका स्वच्छ सातबारा क्वचित बघायला मिळतो.” मग त्यांनीच इतर हक्काच्या रकान्यावर बोट ठेवलं.

तिथे चार बायकांची नावं आहेत. कब्जेदार सदरी एकट्या भावाचं नाव आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. वडील गेले तेव्हा वारसनोंद झाली, ती पूर्वी सर्रास व्हायची तशीच: मुलाचं नाव मालकाच्या जागी, मुलींची नावं इतर हक्कात.

दलालाच्या मते विषय संपलेला आहे. “मालक एकच. बहिणींची नावं नुसती बाजूला लावलेली असतात. फार तर हक्कसोड करून घेऊ, त्या काय नाही म्हणणार आहेत?”

वकिलांचं म्हणणं अगदी वेगळं. नाव कुठल्या रकान्यात आहे यावर वारसाहक्क ठरत नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातच वडिलांच्या मिळकतीत मुलगी ही पहिल्या वर्गाची वारस आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनचा हिस्सा दिला. 2005 मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने तो सगळ्याच मुलींना मिळाला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी तो जात नाही हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. शिवाय सातबारा हा महसुलाचा कागद, तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. घरपट्टीचा उतारा तर त्याहून दुबळा.

म्हणजे ही जमीन पाच जणांची आहे. भाव एकाने सांगितलाय.

10 जुलै

परवापासून डोक्यातून ती चार नावं जात नाहीत.

खरेदी माझ्या नावावर होणार आहे. कूळ कायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि आमच्या यांच्या घराण्यात कुणाच्या नावावर एक गुंठाही नाही. मी शेतकरी आहे ती कराड तालुक्यातल्या आमच्या गावच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे म्हणून. तेही सहज राहिलेलं नाही. बाबा गेल्यावर तेराव्याच्या आतच चुलत्यांनी हक्कसोडपत्राचा मसुदा आणून ठेवला होता. “तिला काय कमी आहे पुण्यात?” असा सूर होता. भाऊ गप्प होता. आई म्हणाली, “तिचं नाव राहू दे. माझ्या डोळ्यांसमोर मी ते कमी करू देणार नाही.” एवढ्या एका वाक्यावर ते नाव राहिलं.

त्या नावावर मला वर्षाला दोन पोती गहू येतात आणि भावाशी बोलायला एक विषय राहतो. आज त्याच नावाच्या जोरावर मी कुठल्याही तलाठी कार्यालयात शेतकरी म्हणून उभी राहू शकते. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. गावात सगळे तलाठी भाऊसाहेबच म्हणतात.) आणि मी इथे येऊन दुसऱ्या घरातल्या चार बहिणींची नावं पुसून जागा घ्यायची? नाही घेणार.

यांना सांगितलं. ते म्हणाले, मग जागा हातची जाईल हेही धरून चाल. धरून चालले आहे.

3 ऑगस्ट

जागा विकणाऱ्या भावाशी बोलणं झालं. माणूस वाईट नाही. गाव सोडून गेला नाही, आईवडिलांचं केलं, घर पडलं तेव्हा कौलं उतरवून नीट रचून ठेवली. त्याचं म्हणणं, बहिणींच्या लग्नांचा खर्च आपणच केला, आता त्यांनी मागू नये. मी म्हटलं, “दादा, त्यांनी मागितलेलं नाही. मी विचारते आहे. उद्या त्यांच्यापैकी कुणाच्या मुलाने दिवाणी दावा लावला तर म्हाताऱ्या वयात तुम्ही आणि मी दोघंही रत्नागिरीच्या कोर्टात तारखांना जाणार.”

तो बराच वेळ गप्प बसला. शेवटी म्हणाला, “तुम्हीच बोला त्यांच्याशी. माझ्या तोंडून ते निघायचं नाही.”

स्वस्त जमीन शोधत जे कोणी माझ्यासारखे हिंडतात त्यांना सांगावंसं वाटतं, की कोकणात दर खाली असतो तिथे बहुतेक वेळा काहीतरी करायचं राहिलेलं असतं. वाटप राहिलेलं, मोजणी राहिलेली, वाटेची नोंद राहिलेली, कुणाशी तरी बोलणं राहिलेलं. ते घेणाऱ्याने अंगावर घ्यायचं किंवा दुसऱ्या कुणाच्या तरी हक्कावर ढकलून मोकळं व्हायचं. दुसरी वाट फार रुळलेली आहे.

वाटेचंही बघितलं. पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने माणूस जातो, पण सामान न्यायचं तर शेजारच्यांच्या खळ्याच्या कडेने जावं लागेल. तहसीलदाराकडून कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो, हे खरं. पण ज्या वाडीत आयुष्याची संध्याकाळ काढायची तिथे पहिला कागद अर्जाचा नको. शेजारच्या काकींकडे जाऊन बसले. चहा झाला, कुळथाचं पीठ बांधून दिलं, आणि काकी म्हणाल्या, “वाट काय, तुम्ही आधी बहिणींचं करा. त्यातली थोरली माझ्या बरोबरीची.” सगळ्या वाडीला सगळं ठाऊक असतं.

22 सप्टेंबर

गणपती होऊन गेले. आज ठाण्याजवळ दिव्याला, त्यांच्यातल्या थोरल्या बहिणीकडे गेले होते. धाकटी नालासोपाऱ्याहून आली होती. तिसरी रत्नागिरीतच असते, ती फोनवर होती. चौथी सुरतेला.

मी कागद पुढे ठेवले. रक्कम सांगितली, एकूण नऊ लाख, पाच वाटे केले तर एक लाख ऐंशी हजार. थोरली वाचत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, “आमचं माहेर म्हणजे भाऊच. गणपतीला, शिमग्याला जायचं ते त्याच्याकडे. पैसे घेतले आणि त्याने तोंड फिरवलं तर आम्ही जायचं कुठे?”

याला मी काय उत्तर देणार? कायद्याची सगळी वर्षं मला पाठ झाली आहेत आणि त्यातलं एकही तिच्या प्रश्नाला पुरत नाही. बहिणी सही करून मोकळ्या होतात ते त्यांना हक्क कळत नाही म्हणून, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. त्यांना पुरता कळतो. वर्षातून दोनदा उघडणारं दार त्यांनी त्याच्यापुढे मोठं मानलेलं असतं. आईने माझं नाव राखलं तेव्हा भाऊ गप्प राहिला, तुटला नाही, हे माझं नशीब.

धाकटी मात्र बोलली. तिच्या मुलीची फी भरायची आहे, नवऱ्याचं काम सुटलंय. “ताई, मला पाहिजेत. मी दादाला सांगते, तुझ्याकडून नाही घेत, घेणाऱ्या बाईंकडून घेते.” मग थोरलीला धीर आला असावा. भावाला तिथूनच फोन लावला. मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले, ते बोलणं माझं नव्हतं. आत आले तेव्हा दोघी रडून झाल्या होत्या आणि थोरली म्हणाली, “दे म्हणाला. फणसाचं एक झाड तोडू नका एवढं त्यांना सांग म्हणाला.”

फणस तोडण्याचा प्रश्नच नव्हता. साठेखतात, म्हणजे खरेदीआधीच्या करारात तसं लिहून द्यायला मी तयार आहे.

5 ऑक्टोबर

वकिलांशी बसून ठरवलं. हक्कसोडपत्र नको. आधी पाचही जणांची नावं वारस म्हणून कब्जेदार सदरी आणायची. तो फेरफार नोटिशीचे पंधरा दिवस काढून मंडळ अधिकाऱ्यांकडून मंजूर होऊ दे. मग साठेखत, आणि खरेदीखतात पाचही जण लिहून देणार म्हणून. पाच वेगळे धनादेश, प्रत्येकाचं नाव आणि रक्कम खरेदीखतातच नमूद. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखात भरला आहे, शेतातलं भात निघाल्यावर भूकरमापक येतील, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या चारी कोपऱ्यांना खुणा करून घ्यायच्या. घर बांधण्याची परवानगी गावठाणातली असल्यामुळे ग्रामपंचायतीकडे. काकींचे मालक वाटेची संमती लिहून देतो म्हणालेत, पण मोजणी झाल्यावर. बरोबर आहे त्यांचं.

खर्च वाढला आहे. न्हाणी या वर्षी होणार नाही, पडवीवर कौलांऐवजी सध्या पत्रा येईल. जुनी कौलं भावाने रचून ठेवली आहेत त्यातली किती धड निघतात ते बघू.

सुरतेची बहीण दिवाळीआधी येऊ शकत नाही. दलालाचा सकाळी फोन आला, की तिच्याकडून कुलमुखत्यारपत्र मागवून घ्या, पंधरा दिवस वाचतील. मी नको म्हटलं. आम्ही थांबतोय. दुय्यम निबंधकांसमोर तिचा फोटो आणि अंगठा तिचाच लागू दे, आणि धनादेश तिच्या हातात पडू दे. सुरत ते रत्नागिरी गाडीचं तिचं आणि तिच्या सुनेचं तिकीट मी काढते असं कळवलं आहे. परतीचं मोकळं ठेवलंय, ती माहेरी किती दिवस राहते ते तिचं तिने ठरवावं.