हॉर्न नसलेली गाडी

गो-कार्टला हॉर्न नसतो. आरसे नसतात, गिअर नसतात, रिव्हर्स बहुतेक ठिकाणी नसतोच, दरवाजे आणि छत तर सोडाच, साधा स्पीडोमीटर नसतो, आणि सस्पेन्शन हा प्रकारच नसल्यामुळे ट्रॅकवरचा प्रत्येक खडा थेट माकडहाडाला कळतो. म्हणजे शोरूमवाला ज्या ज्या गोष्टी दाखवून आपल्याकडून वरचे पैसे काढतो त्यातलं एकही तिच्यात नाही, आणि तरीही लोक काही मिनिटांच्या फेरीसाठी बऱ्यापैकी पैसे मोजून, कुणाच्यातरी घामाने ओलं झालेलं हेल्मेट डोक्यात घालून रांगेत उभे राहतात. मीपण राहतो. कॉलेजात असताना पवईला हिरानंदानीत हाकोने नावाचा ट्रॅक होता, तिथे मित्रांबरोबर जायचो तेव्हा वाटायचं की आपल्याला स्पीडचं वेड आहे. आता वय वाढल्यावर कळतंय की स्पीडचं वगैरे काही नाही, आपल्याला फक्त गाडी चालवायची असते आणि ती एरवी कुठे चालवायलाच मिळत नाही.

हे जरा विचित्र वाटेल कारण रोज दीड-दोन तास मी स्टिअरिंगमागेच असतो. पण ते गाडी चालवणं थोडीच आहे, तो जनसंपर्क आहे. समोरचा रिक्षावाला पाय बाहेर काढून वळणार की नुसताच पाय काढून बसलाय, दुचाकीवरची बाई डावा इंडिकेटर देऊन उजवीकडे जाणार का, राँग साइडने येणारा काका आपल्यालाच डोळे वटारणार का, हे सगळं ओळखत ओळखत ऑफिसला पोचायचं. डोकं सगळं दुसऱ्यांच्यात. आपल्या गाडीची चाकं काय करतायत, वळताना वजन कुठल्या बाजूला जातंय, याच्याकडे बघायला फुरसतच नसते.

तर यंदा गोव्याला गेलो होतो सगळे, म्हणजे आम्ही तिघं, माझा मेहुणा आणि मामा. मामा म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत, गडहिंग्लज डेपो, उभी हयात आंबोलीच्या घाटातून सावंतवाडीकडे गाडी काढण्यात गेली, त्यामुळे येताना घाटात मी गाडी चालवत होतो आणि ते शेजारी बसून प्रत्येक वळणाच्या आधी "हं" म्हणत होते. नुसतं "हं". मंगेशी झालं, कवळ्याची शांतादुर्गा झाली, मामांची यादी संपली आणि मग मेहुण्याने विषय काढला की मडगावजवळ नुव्याला गो-कार्टिंगचा ओपन ट्रॅक आहे, दाजी चला. आमचा मेहुणा फॉर्म्युला वन बघणाऱ्यांपैकी आहे, रेस असली की रविवारी त्याला कुठलाही कार्यक्रम चालत नाही, आणि त्या दिवशी अंगात टी-शर्टपण कुठल्याशा टीमचाच होता.

ट्रॅकवर पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं पण दमटपणा होताच. वळणावळणाचा डांबरी पट्टा, कडेला जुन्या टायरची भिंत, आणि पेट्रोल नि तापलेल्या रबराचा एकत्र वास, जो मला (हे घरी आवडत नाही) फार आवडतो. तिकिटाच्या खिडकीपाशी उंचीची खूण होती. इथे वय नाही विचारत, उंची बघतात, कारण पाय पेडलला पुरले पाहिजेत, आणि हा मला सगळ्यात प्रामाणिक नियम वाटतो. आमची लेक टाचा उचलून उभी राहिली, तिथल्या पोराने हसत हसत तिच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली, टाचा खाली आल्या आणि खूण वर राहिली. मग तिला आईबरोबर डबल सीटच्या कार्टमध्ये बसावं लागणार हे ठरलं आणि तिने जाहीर केलं की ती कुणाशीही बोलणार नाहीये.

बायकोला ओढणी काढून ठेवायला लावली, केस बांधून हेल्मेटच्या आतल्या कापडी टोपीत कोंबायला लावले, आणि तो पोरगा याबाबतीत अजिबात ऐकत नव्हता. बरोबरच आहे त्याचं. मागचा अ‍ॅक्सल सीटच्या पाठीमागे उघडा फिरत असतो, आणि त्यात केस अडकून जीव गेल्याच्या बातम्या आपल्या देशातही आल्यात. जिथे हे बघत नाहीत त्या ट्रॅकवर बसूच नये, सरळ पैसे परत मागावेत.

मामा बसणार नव्हते. ते फक्त बघायला आले होते, पण आमचं हेल्मेट वगैरे चालू होतं तेवढ्यात उभ्या असलेल्या एका कार्टपाशी जाऊन उकिडवे बसले आणि खाली वाकून बघायला लागले. मग मला हाक मारली. "हे तर पंपाचं इंजिन हाय की." आणि होतंच ते. भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याच कार्टना होंडाचं जीएक्स सिरीजचं फोर स्ट्रोक इंजिन असतं, त्याच जातीची इंजिनं पंपाला लागतात, रस्त्याच्या कामावर खडी दाबायच्या मशीनला लागतात. मेहुण्याला तेवढंच निमित्त पुरलं, तो म्हणाला की जगातली पहिली गो-कार्टच मुळात गवत कापायच्या मशीनच्या इंजिनावर चालली होती, १९५६ साली, कॅलिफोर्नियात, आर्ट इंगल्स नावाचा रेसकार बनवणाऱ्या कारखान्यात काम करणारा माणूस होता त्याने बनवली, आणि मग हे लोक स्टेडियमच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचे. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डिफरन्शियल कुठाय हिचं?"

तर ते नसतंच. ही गोष्ट मला फार आवडते म्हणून जरा सविस्तर सांगतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं नि आतल्याला कमी, म्हणून गाडीला, बसला, मागे डिफरन्शियल असतं, त्यामुळे दोन चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. कार्टची मागची दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्यावर घट्ट बसवलेली, दोघांना सारखंच फिरावं लागतं, मग वळायचं कसं? तर स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं अशा कोनात बसवलेली असतात की आतल्या बाजूचं पुढचं चाक खाली दाबलं जातं, त्याने अख्खी चौकट थोडी पिळवटते आणि आतल्या बाजूचं मागचं चाक जमिनीपासून किंचित उचललं जातं. म्हणजे वळणावर कार्ट क्षणभर तीन चाकांवर असते! बाहेर उभं राहून नीट बघितलं तर दिसतं ते, चाक आणि डांबर यांच्यामधून पलीकडचं दिसतं. आणि म्हणूनच स्टिअरिंग इतकं जड असतं, ते नुसतं चाकं वळवत नाही तर लोखंड वाकवत असतं.

मेहुण्याने हे सगळं हातवारे करून समजावलं. मामा उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "आणा ते टोपडं."

हेल्मेट घालून, गुडघे जवळजवळ हनुवटीला लावून मामा सीटमध्ये बसले तेव्हा तो पोरगा त्यांना सांगायला लागला की अंकल, राइट अ‍ॅक्सिलरेटर, लेफ्ट ब्रेक, दोन्ही एकदम दाबायचे नाहीत. मामांनी सगळं ऐकलं आणि इकडेतिकडे हात फिरवून विचारलं, "हॉर्न?" "नाहीये अंकल." "मग म्होरच्याला कळणार कसं?" तो पोरगा गप्प. मला तर वाटतं हा प्रश्न कुणी त्याला आधी विचारलाच नसणार.

पहिली लॅप मामांची फार वाईट गेली आणि त्याचं कारण मला लगेच कळलं कारण मलाही तेच होतं. आपला डावा पाय क्लचचा असतो. वळण आलं की तो आपोआप खाली जातो, गिअर टाकायला. इथे डाव्या पायाखाली ब्रेक, म्हणजे वळण आलं की कचकन ब्रेक, कार्ट मागून घसरून आडवी. इतक्या वर्षांत त्या पायाने घाटात किती लाख वेळा क्लच दाबला असेल, त्याला एका लॅपमध्ये कसं पटवणार? पण दुसऱ्या लॅपला बघितलं तर मामांनी डावा पाय पेडलवरून काढून नुसता बाजूला टेकवून ठेवला होता. ब्रेक जवळपास नाहीच. वळणाच्या बरंच आधी उजवा पाय सोडायचे, कार्ट बाहेरच्या कडेला न्यायचे, तिथून आत, आणि सुटताना पुन्हा बाहेरच्या कडेला. रेसिंग लाइन म्हणतात ती हीच, मेहुण्याने यावर कितीतरी व्हिडिओ बघितलेत, आणि मामांना ती आंबोलीने शिकवली, कारण लांब बस दरीच्या बाजूच्या वळणात घालायची असेल तर दुसरा इलाज नसतो. फक्त तिथे समोरून ट्रक यायचा. इथे समोरून कुणी येत नव्हतं आणि मामा आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण रस्ता वापरत होते.

मेहुणा मात्र खरोखरच जोरात गेला, खोटं कशाला बोला. सरळ पट्ट्यावर तो मला असा काही मागे टाकायचा की मी वैतागलो, मग पुढच्या वळणावर उशिरा ब्रेक मारायचा, मागचा भाग सुटायचा आणि गडी गिरकी घेऊन टायरच्या भिंतीकडे तोंड करून उभा. रिव्हर्स नाही, त्यामुळे ट्रॅकवरचा माणूस पळत येणार, पिवळा झेंडा दाखवणार, कार्ट मागे ओढून सरळ करून देणार. तोपर्यंत मामा शांतपणे शेजारून निघून जायचे. मला वाटतं जाताना हेल्मेटच्या आत "हं" म्हणत असणार.

माझं काय झालं ते थोडक्यात सांगतो. मला बायकोने ओव्हरटेक केलं. डबल सीटमधून, म्हणजे शेजारी लेकीला घेऊन. मागून निळा झेंडा दाखवत होते, त्याचा अर्थ मागच्याला वाट द्या, आणि मी आरसा शोधत होतो. ती आतून निघून गेली आणि कुणाशीही न बोलणारी आमची लेक माझ्याकडे बघून दोन्ही हात वर करून ओरडत होती. बायको रोज स्कूटरवरून लक्ष्मी रोडला भाजी, कापड, गर्दी यातून वाट काढते, तिला एवढी रिकामी जागा मिळाल्यावर ती सोडणार होती का?

खाली उतरल्यावर हाताचे पंजे थरथरत होते, कॅन्टीनमधला चहाचा ग्लास दोन हातांनी धरायला लागला. वेग चाळीस-पन्नासच्याच घरात असतो म्हणे, पण बूड जमिनीपासून दोन-चार इंचावर असलं की चाळीस हा आकडा वेगळाच असतो. हायवेवर एसी लावून शंभरने जाताना झोप येते, इथे श्वास घ्यायचा विसरतो माणूस. चहा पिताना मेहुणा पुन्हा सुरू झाला, शूमाकर जर्मनीत केर्पेनच्या कार्टिंग ट्रॅकवरच वाढला, वडील ट्रॅकचं बघायचे, आई तिथलंच कॅन्टीन चालवायची, आणि आपला नारायण कार्तिकेयन कोइम्बतूरचा, २००५ मध्ये फॉर्म्युला वनला उतरलेला पहिला भारतीय. लेकीने विचारलं, त्या शूमाकरला उंचीची खूण होती का? मेहुण्याने सांगितलं की त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणी पेडलच्या गाडीलाच मोटरसायकलचं इंजिन लावून दिलं होतं. माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं गेलं ती मी विसरणार नाही.

मग लॅपटाइमचा कागद आला. प्रत्येक कार्टला सेन्सर असतो, लाइन ओलांडली की वेळ नोंदली जाते. सगळ्यात फास्ट लॅप मेहुण्याची होती, त्याने लगेच फोटो काढला. पण त्याच्याच बाकीच्या लॅप बघितल्या तर एक इकडे एक तिकडे, आणि मामांच्या, ती पहिली सोडली तर, सगळ्या एकमेकींच्या सेकंद-अर्ध्या सेकंदाच्या आत. सगळ्या! मेहुणा तो रकाना बघत बसला. मामा म्हणाले, "टायमात गाडी लागाय पायजे."

शेवटी मेहुण्याने वजनाचा मुद्दा काढला, आणि तो चुकीचा नाही. एवढ्याशा इंजिनाला पंचावन्न किलोचा माणूस ओढणं आणि नव्वद किलोचा ओढणं यात मोठा फरक पडतो, म्हणूनच खऱ्या कार्टिंग रेसमध्ये किमान वजन ठरलेलं असतं आणि हलक्या ड्रायव्हरच्या सीटला शिशाचे ठोकळे बोल्टने बसवतात. मामा अंगाने काटकुळे. तर पुढच्या वेळी मामांना वजन लावून सगळ्यांनी सारखं व्हायचं, आणि शिसं कुठून आणणार म्हणून सीटशेजारी तांदळाची पिशवी बांधायची, असं मेहुण्याने गंभीरपणे मांडलं. मी (नव्वदच्या बाजूचा) लगेच पाठिंबा दिला. तो पोरगा कदापि परवानगी देणार नाही हे उघड होतं, पण चर्चा बरीच लांबली, किती किलो, कुठल्या बाजूला. मामांची हरकत नव्हती, त्यांनी एकच अट घातली, तांदूळ आजऱ्याचा घनसाळ असला पाहिजे आणि रेस झाली की पिशवी त्यांच्याकडे राहणार.