मोठ्या मिगची वाट

"मिग-२१ तर आहे नं तुमच्या कपाटात, मंग मोठ्याची वाट कायले पाहू रायले?" आर्वीच्या बाजारात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, परवा कृषी केंद्रात खताच्या पावतीसाठी थांबलो होतो तिथंही एकानं विचारलं. दरवेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. आज तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं नीट सांगतो. गोष्ट प्लास्टिकचे सुटे भाग जोडून, रंगवून बनवायच्या विमानांची आहे, मिग-२१ या लढाऊ विमानाच्या छोट्या प्रतिकृतींची.

कपाटातलं मिग ७२ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं. पंखांचा पसारा जेमतेम १० सेंटिमीटर. ज्याची वाट पाहतोय ते ३२ स्केलचं. पंख २२ सेंटिमीटर, आणि नाकावरची वेग मोजायची पिटॉट नळी धरली तर लांबी अर्ध्या मीटरच्या जवळ जाते. जाणकार लगेच म्हणतात, ३२ मध्येही मिळतं की. मिळतं. ट्रम्पेटर या कंपनीचं एमएफ मिळतं. मला एमएफ नको, एफएल हवं. दोन्ही मिग-२१ चेच प्रकार. एफएलची पाठ सडपातळ, एमएफची फुगीर. एमएफच्या पोटात तोफ असते. एफएलला तोफच नव्हती, म्हणून आपल्या हवाई दलानं तिच्या पोटाखाली जीपी-९ गनपॅक, म्हणजे तोफेची पेटी, टांगला. ओझरच्या कारखान्यात एचएएल या सरकारी विमान कंपनीनं बांधली ती एफएल, १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं सोडली तीही एफएलनी. आणि माझ्या बाबांनी नोकरी केली ती त्याच विमानांच्या पोटाखाली. बाबा एअरफ्रेम फिटर होते, विमानाचा ढाचा आणि चाकं सांभाळणारे.

छोटं मिग पूर्ण झालं तेव्हा मी ते बाबांच्या हातात दिलं. छपरीत बसले होते. त्यांनी रंग पाहिला नाही, शेपटीवरचा तिरंगा पाहिला नाही. विमान सरळ उलटं केलं आणि चाकाच्या खोबणीत बोट घालायला गेले. बोट जाईना. आत नुसता कोरा खड्डा होता. मला म्हणाले, "याच्यात मी कुठी आहो?"

त्या दिवशी नात्यातला एक पाहुणा आलेला होता. टीव्हीवर ऐकलेलं तो बोलून गेला, "याले तर उडती शवपेटी म्हन्तेत नं?" मला वाटलं, आता बाबा त्याला झाडणार. त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि फरशीवर उताणे झोपले. सत्तरी ओलांडलेला माणूस. मान एका बाजूला वळवली, खांदा आत घातला, उजवा हात वर नेला. "असं पडून राहा लागे," म्हणाले. मग हवेत बोटानं एकेक वस्तू दाखवायला लागले. मिगचा पाय पंखात आडवा मिटतो, पण चाक ८० सेंटिमीटरचं, ते त्या पातळ पंखात मावत नाही. म्हणून पाय मिटतामिटता चाक पायावरच फिरतं आणि धडात जाऊन उभं बसतं. ते फिरवणारा दांडा इथं, हायड्रॉलिकच्या नळ्या इथून, दाराची बिजागरी तिथं. विमान ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगानं उतरायचं, टायर भराभर झिजायचे, त्यामुळे या खोबणीशी त्यांची गाठ रोजची.

आणि तसंच पडल्यापडल्या त्यांनी ते सांगितलं. एका सकाळी त्यांनी फॉर्म ७०० वर, म्हणजे विमान उडायला ठीक आहे असं लिहून द्यायच्या कागदावर, सही केली. विमान गेलं, परत आलं नाही. चालवणारा पोरगा चोवीस-पंचवीसचा. चौकशीत चाकाचा किंवा ढाच्याचा काही दोष निघाला नाही. "माह्या कामात खोट नव्हती," बाबा म्हणाले, "पन सही माहीच होती." त्यानंतर ते तसेच पडून राहिले. आईनं हात दिला तेव्हा उठले. पाहुणा चहा न घेताच गेला. त्या विमानाबद्दल बाबा पुन्हा कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

३२ स्केलमध्ये ते चाक अडीच सेंटिमीटरचं होतं, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढं. तेवढ्या जागेत नळ्या दाखवता येतात, दांडा दाखवता येतो. मला तेवढंच हवंय. वैमानिकाची जागा सगळेच दाखवतात.

आता तुम्ही म्हणाल, बाबा तर राहिले नाहीत. नाही राहिले. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तोही त्यांनी पाहिला नाही. मग आता कोणासाठी? या प्रश्नाचा मला फार राग यायचा. "बाबांसाठी" हे उत्तर मी इतकी वर्षं दिलं की माझाही त्यावर विश्वास बसला होता. ते खोटं नव्हतं. पण रात्री दिव्याखाली बसून एखादा जोड घासत असतो तेव्हा बाबा मनात नसतात, हेही खरं. मला ते काम आवडतं. यातलं किती त्यांच्यासाठी आणि किती माझ्यासाठी, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

पैशाचं म्हणाल, तर पार्सल आणि कस्टम धरून दोन क्विंटल कापसाची गोष्ट आहे. लग्नात डीजेला किती गेले, हे मी कोणाला विचारत नाही. मागे बोअरची मोटर जळाली तेव्हा किटसाठी ठेवलेले पैसे तिकडेच गेले आणि मी तोंडातून शब्द काढला नाही. वेळही फुकटचा नाही. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत एअरब्रशचा रंग प्लास्टिकवर पोचायच्या आत वाळतो आणि खरखरीत बसतो. पावसाळ्यात दमटपणानं लॅकरच्या रंगावर पांढरी झाक धरते. उरते दिवाळी ते होळी, आणि वेचणीही तेव्हाच, मागोमाग तूर. शेत सोडून मी रंगवायला बसलो असं गावात कोणी दाखवून द्यावं.

बरं, हे नवं एफएल येईलच असंही नाही. नुसती कुणकुण आहे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. या छंदात जाहीर झालेलंही हातात पडेपर्यंत खरं नसतं. न्यूझीलंडच्या विंगनट विंग्ज या मॉडेल कंपनीनं ३२ स्केलचं लँकेस्टर हे जुनं ब्रिटिश बॉम्बर विमान जाहीर केलं होतं, लोक पैसे काढून बसले, आणि २०२० मध्ये कंपनीच बंद पडली. ते लँकेस्टर पुढे बॉर्डर मॉडेल या चिनी कंपनीच्या डब्यातून आलं. म्हणजे वाट पाहणारे अगदीच वेडे नसतात.

पहिली चित्रं आली की मी चाकाची खोबणी बघणार. ती कोरी निघाली तर घ्यायचं नाही, असं मी बायकोजवळ बोलून बसलोय. आता तेवढं छातीठोक सांगवत नाही. शिशाच्या तारेच्या नळ्या मला घालता येतात, आणि कोणती नळी कुठून जाते हे सांगायला बाबांच्या सोबतचे एक फिटर काका यवतमाळकडे आहेत. पैसे पुन्हा वेगळे काढून ठेवलेत. मोटर परत जळाली नाही, तर त्यांना हात लावणार नाही.